कळ्या धरल्यात आणि पानं पिवळी पडतायत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी घाटकोपरला राहते, तिसरा मजला. ग्रिलमध्ये १० इंची कुंडीत लाल जास्वंद आहे. सासूबाईंनी मालवणहून फांदी आणून लावली होती, आता त्या नाहीत. दरवर्षी गणपतीला पहिलं फूल ह्याच झाडाचं असतं. यंदा जुलैपासून कळ्या भरपूर धरल्या पण पानं भराभर पिवळी होऊन गळतायत, आता कळ्यापण गळायला लागल्या. शेजारचे काका म्हणाले नायट्रोजन कमी पडलाय, म्हणून मूठभर सुफला (दाणेदार रासायनिक खत) टाकलं, आठ दिवसांनी थोडा युरिया टाकला, तर अजूनच वाढलं. आता अजून काय घालू? फोटो पाठवलेत.

उत्तर : आता काहीच घालू नका, आधी हात थांबवा. फोटो पाठवलेत ते फार बरं झालं, कारण तिसऱ्या फोटोत कुंडीखालची थाळी दिसतेय आणि ती पाण्याने काठोकाठ भरलीय, मातीवर हिरवं शेवाळ आहे, आणि पिवळी पानं फक्त खालची नाहीयेत, मधली आहेत, वरची आहेत, आणि सगळी मऊ पडून लोंबतायत. हे झाड उपाशी नाही, त्याची मुळं गुदमरलीयत.

नायट्रोजन कमी पडला की असं दिसत नाही. झाड जुन्या पानांतला नायट्रोजन काढून नव्या पालवीला देतं, म्हणून पिवळेपणा सगळ्यात खालच्या पानांपासून सुरू होतो आणि हळूहळू वर चढतो, अख्खं पान एकसारखं फिकट होतं, आणि माती मात्र नेहमीसारखी वाळत असते. मॅग्नेशियम कमी असेल तरी सुरुवात खालच्या जुन्या पानांतूनच होते पण तिथे शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, माशाच्या काट्यासारखं दिसतं. तुमच्याकडे ह्यातलं काहीच नाही. आणि फुलाच्या दिवसांत तळाची दोनचार पानं पिवळी होऊन गळणं हे तर निरोगी झाडातही होतं, त्याला खत लागत नाही.

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ग्रिलमध्ये तिरपी झड येते, वरच्या मजल्याच्या छपरीचं पाणी टपकतं, ऊन नसतं म्हणून झाड पाणी ओढतच नाही, आणि आपण सवयीने रोज सकाळी तांब्याभर घालतोच. त्यात नर्सरीतली लाल माती, ती दोन पावसांत विटेसारखी बसते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, मग कुंडीत कितीही खत असलं तरी झाडाला ते उचलता येत नाही. आणि अशा ओल्या मातीत तुम्ही मूठभर सुफला आणि वर युरिया घातला तर क्षार वाढून उरलीसुरली मुळंही भाजतात. काकांनी चांगल्या मनाने सांगितलं असणार, पण १० इंची कुंडीला सुफला छोटा एक चमचा, तोही कडेकडेने, तोही झाड ठणठणीत असताना. मूठ म्हणजे खूपच झालं.

आता काय करायचं ते सांगते, आणि हे ह्याच रविवारी करा, टाळू नका. थाळी काढून टाका. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट हळूच बाहेर सरकवा आणि मुळं बघा. चांगलं मूळ पांढरट, कडक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं, दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखं बारीक उरतं, आणि गटारासारखा वास येतो, तो वास एकदा घेतला की पुन्हा चुकत नाही. मी माझी पिवळी जास्वंद अशीच घालवली, पानं पिवळी म्हणून खतावर खत देत गेले आणि झाड मेल्यावर कुंडी उपडी केली तेव्हा कळलं, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीने सांगतेय.

कुजलेली मुळं डेटॉलने पुसलेल्या कात्रीने कापा, खत टाकलेली वरची माती झाडून टाका. कुंडीचं भोक मुळांनी किंवा मातीने बंद झालं असेल, स्क्रूड्रायव्हरने मोकळं करा, एकाऐवजी तीनचार भोकं असली तर उत्तम. नवीन भरताना निम्मी माती, बाकी गांडूळखत आणि जाडी रेती, वर मूठभर नीमपेंड. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पावसाळ्यात कमीच घ्या, ते पाणी धरून ठेवतं. कुंडी दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून पाणी निघून जाईल, आणि झड लागणार नाही अशा कोपऱ्यात पण उजेडात ठेवा. पाणी घालायचं ते बोट दोन पेरं मातीत घालून, कोरडं लागलं तरच. ह्याशिवाय वरून वेगळं खत महिनाभर नाही, नवी पालवी दिसली की मग.

आणि एक गोष्ट सांगताना मला वाईट वाटतंय, पण ज्या कळ्या आहेत त्या खुडून टाका. मुळं अर्धी उरलीयत, त्यांना कळ्या पोसणं झेपणार नाही, झाड फुलापायी जाईल. यंदा गणपतीचं फूल दादरच्या फूलबाजारातून आणा.

पण रविवारीच अजून एक काम करा. ज्या फांद्या अजून हिरव्या आणि कडक आहेत त्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीनचार घ्या, ६ ते ८ इंच लांब, डोळ्याच्या (फांदीवर पान फुटतं त्या जागेच्या) खाली तिरका काप द्या, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकी काढा, आणि रेतीमातीत लावून सावलीत ठेवा. जास्वंदीच्या फांद्या ह्या दमट हवेत चांगल्या मुळं धरतात. एक स्वतःकडे ठेवा, एक नणंदेकडे किंवा बहिणीकडे द्या. सासूबाईंचं झाड एकाच कुंडीवर अवलंबून नको.

प्रश्न : विक्रोळीला आमच्याकडे मोगरा आहे. एप्रिलपासून कळ्या येतात पण नवीन पानं पिवळीच निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या. खालची पानं छान हिरवीगार आहेत. सोसायटीत झाडांना बोअरचं पाणी आहे. एप्सम सॉल्ट दोनदा दिलं, फरक नाही.

उत्तर : फरक पडणार नाही दादा, कारण एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं आणि तुमच्या मोगऱ्याला लोह मिळत नाहीये. खूण तुम्हीच लिहिलीय, नवीन पानं पिवळी आणि जुनी हिरवी. लोह जुन्या पानांतून नव्यात सरकत नाही म्हणून कमतरता शेंड्यालाच दिसते. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरलाय का बघा, बहुतेक असेल. बोअरच्या जड पाण्याने माती हळूहळू अल्कली होते आणि मग मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) मिळालं तर पाकिटावरच्या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा. नाहीतर हिराकस (फेरस सल्फेट), लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, १० दिवसांच्या अंतराने दोनतीनदा, पण फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात. आधी पिवळं झालेलं पान पूर्ण हिरवं होईलच असं नाही, नवी पालवी कशी निघते त्यावर नजर ठेवा. आणि जमेल तसं बोअरऐवजी नळाचं पाणी द्या. आपलं तानसा-भातसाचं तलावाचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी मऊ आहे, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला घातलंत तरी पुष्कळ झालं. पावसाळ्यात कुंडी दोनचार सरींत मोकळी भिजू द्या, साठलेले क्षार धुऊन जातात, फक्त भोक उघडं हवं.

प्रश्न : दहिसर, सहावा मजला. मिरचीला फुलं लागलीयत पण पानांवर सुईने टोचल्यासारखे पिवळे ठिपके, मग अख्खं पान फिकट. पाणी, खत सगळं बरोबर आहे.

उत्तर : पान उलटं करून बघा. पांढरा कागद खाली धरून फांदी झटका, कागदावर मिरपुडीएवढे ठिपके चालायला लागले आणि बोटाने घासल्यावर लालसर रेघ उठली तर लाल कोळी ही बारीक कीड आहे. उन्हाळ्यात, कोरड्या गरम हवेत हा फार वाढतो. तीनचार दिवस रोज सकाळी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, अर्ध्याहून जास्त काम तिथेच होतं. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि दोनचार थेंब लिक्विड सोप, ऊन उतरल्यावर फवारा, आठवड्याने परत. फुलांवर नको, पानांच्या खालून मारा. खूप जाळी धरलेली पानं तोडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, दुसऱ्या कुंडीत अजिबात टाकू नका.