आधी स्वतःवर चालव

प्रिय बाबू,

तुझं पत्र मिळालं. पाश्चात्य जादूचे विधी शिकायला झगा, तलवार, धूपदाणी अशी लांबलचक यादी वाचून हसू आलं. काऊन रे एवढा खर्च? त्या पैशात तुरीची एक फवारणी होईल.

तू विचारतोस ते विधी मुख्यतः लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळातून पसरले. मंडळ १८८८ चं. कवी येट्सही त्यात होते. तिथं एकेक अवजार एकेका तत्त्वाचं: कांडी अग्नीची, पेला पाण्याचा, खंजीर वाऱ्याचा, चकती पृथ्वीची. पण नवख्याच्या हाती आधी द्यायचे तो ताऱ्याचा छोटा विधी. पूर्वेला तोंड करायचं, हवेत पाच टोकांचा तारा काढायचा, मग दक्षिण, पश्चिम, उत्तर. पुन्हा पूर्वेला येऊन पुढे राफेल, मागे गॅब्रिएल, उजवीकडे मायकेल, डावीकडे ऑरिएल हे देवदूत उभे आहेत असं डोळ्यांपुढे आणायचं.

चार दिवसांत हात सवयीनं फिरायला लागेल. पश्चिमेचा तारा अर्धा झालेला आणि मन मोटरीच्या स्टार्टरपाशी: लाईन आली असेल का? तिथंच थांब. पुन्हा पूर्वेपासून. देवदूत खरे की कल्पना, हा वाद मी घालत नाही. मन किती वेळा निसटलं ते वहीत लिही. वेळ एकच ठेव. सामुदायिक प्रार्थनेला ठरल्या वेळी येऊन बसणारी आपली म्हातारी माणसं बघ, त्यांना हे शिकवावं लागत नाही.

त्याच मंडळात शिकलेला अलिस्टर क्रोली हा माणूस बेबंद, पण त्याचा एक सराव कामाचा आहे. एखादा शब्द आठवडाभर वर्ज्य करायचा. चुकलं की तो हातावर वस्तऱ्यानं कापायला सांगतो. तो मूर्खपणा करू नकोस, वहीत रेघ ओढ. तुझ्यासाठी शब्द मीच ठरवतो: ‘मले मालूम आहे’. चहाच्या टपरीवर पहिल्याच सकाळी पान भरेल.

कोणी गुप्तधन काढायला किंवा करणी उतरवायला बोलावलं, तर सरळ नाही म्हण. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तुरुंग आहे, आणि तसंही दुसऱ्यावर चालवायची ही विद्याच नाही.

आईला मात्र आजच सगळं सांग. पहाटे अंगणात हवेत हात फिरवताना दिसलास, तर दुपारपर्यंत ती कुण्या बाबाचा अंगारा घेऊन येईल.

तुझा,
काका