असणं आधी की काय असणं आधी?

प्रश्न : इब्न सीना म्हणतो वस्तूचं सार वेगळं आणि तिचं अस्तित्व वेगळं, असं वाचलं. मग प्रत्येक वस्तू दोन भाग जोडून झालेली असते का? आणि मुल्ला सद्रा नेमका कशावर भांडतो? मला तर दोघं एकच बोलतायत असं वाटतं.
– एक वाचक

उत्तर : नाही हो, जोडलेले दोन भाग वगैरे काही नाही, आणि बहुतेक जण इथेच अडकतात कारण 'वेगळं' म्हटलं की लगेच दोन सुटे तुकडे डोळ्यासमोर येतात. सार म्हणजे वस्तू 'काय आहे' ते, आणि अस्तित्व म्हणजे ती 'आहे' हे. इस्लामी परंपरेतला तत्त्वज्ञ इब्न सीना (980–1037) याचं म्हणणं त्याच्या 'इशारात' या ग्रंथातल्या त्रिकोणावरून पटकन कळतं. तीन रेषांनी बंद केलेली आकृती म्हणजे त्रिकोण, एवढं समजलं की त्रिकोण समजला, पण असा त्रिकोण खरंच कुठे आहे का ही शंका तरीही घेता येतेच ना? म्हणजे 'काय आहे' हे पुरतं कळूनही 'आहे की नाही' हा प्रश्न उरतोच. मग असणं हे व्याख्येत नसतं, ते दुसऱ्याकडून मिळावं लागतं, आणि ही देणाऱ्यांची साखळी मागे नेत नेत तो अशा एकापाशी थांबतो ज्याचं असणं कोणाकडून आलेलंच नाही. तो 'वाजिब अल-वुजूद', ज्याचं असणं अनिवार्यच आहे असा, म्हणजे ईश्वर. बाकी सगळं 'मुमकिन', असेल किंवा नसेलही. म्हणजे हा फरक नुसता शब्दांचा कीस नाही, ईश्वर आहे हे दाखवायचा त्याचा अख्खा युक्तिवाद यावर उभा आहे.

कॉर्दोबाच्या तत्त्वज्ञ इब्न रुश्दला (1126–1198) हे अजिबात पटलं नाही. अस्तित्व जर वस्तूला वरून लागणारा गुण असेल तर तो लागायला वस्तू आधी असायला नको का, आणि ती आधीच असेल तर या गुणाने नवीन काय केलं?

पण माझ्या मते सगळ्यात धारदार आक्षेप इराणी तत्त्वज्ञ सुहरावर्दीचा, ज्याला 1191 साली अलेप्पोमध्ये ठार मारलं, चाळिशीही गाठली नव्हती त्याने. तो म्हणतो, अस्तित्व ही जगातली खरीखुरी गोष्ट असेल तर ते अस्तित्व स्वतः 'आहे' असंही म्हणावं लागेल, मग त्या असण्याला आणखी एक असणं, त्यालाही आणखी एक, आणि हे कधी थांबणारच नाही. म्हणून त्याच्या मते जगात वस्तू असतात आणि 'अस्तित्व' ही फक्त आपल्या मनाने काढलेली कल्पना आहे. हे लॉजिक घाईत बाजूला सारू नका, थोडं त्याच्यासोबत बसा, कारण मुल्ला सद्रा कळायचा तर आधी हे टोचायला हवं.

इराणमधल्या शिराझचा तत्त्वज्ञ मुल्ला सद्रा (निधन 1640 च्या सुमारास) इस्फहानला मीर दामादकडे शिकला आणि सुरुवातीला तोही सारच खरं मानणाऱ्यांच्या बाजूने हिरीरीने भांडायचा, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. नंतर तो पूर्ण उलटा फिरला. सुहरावर्दीला त्याचं उत्तर असं, की बाकीच्या गोष्टी अस्तित्वामुळे असतात पण अस्तित्वाला असायला दुसरं अस्तित्व लागत नाही, जसा प्रकाश दिसायला दुसरा दिवा लागत नाही. साखळी तिथेच तुटते. खरं जे आहे ते अस्तित्वच, आणि 'घोडा', 'झाड', 'माणूस' असं ज्याला आपण वस्तूचं सार म्हणतो त्या नुसत्या त्या अस्तित्वाच्या मर्यादा, ज्या आपलं मन वेगळ्या काढतं. आणि मग ही वास्तवता एकच असूनही तिच्या पायऱ्या आहेत, कुठे तीव्र कुठे क्षीण, याला 'तश्कीक' म्हणतात. मला हा भाग फार मोठा वाटतो, कारण यात ईश्वर आणि साधा दगड यांच्यातलं नातंच बदलतं, दोघांना 'आहे' म्हणतो ते एकाच अर्थाने, फक्त तीव्रता प्रचंड वेगळी. याच गोष्टीवर इस्फहानच्याच रजब अली तबरीझीने त्याला विरोध केला, त्याच्या मते ईश्वराचं असणं आणि आपलं असणं यांना समान अर्थ असूच शकत नाही.

तेव्हा दोघं एकच बोलत नाहीत. इब्न सीना विचारतो की वस्तूला असणं कुठून मिळालं, सद्रा विचारतो की सार आणि अस्तित्व या दोघांत बाहेर जगात खरं कोणतं. तुम्हाला हे पुढे वाचायचं असेल तर इराणी तत्त्वज्ञ तबातबाईंचं 'बिदायत अल-हिक्मा' हे पुस्तक बघा, विसाव्या शतकातलं आहे, विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेलं, आणि त्यात हा वाद अगदी सुरुवातीच्या प्रकरणांतच येतो.