पणजोबांच्या पदकाच्या कडेवरचा क्रमांक

प्रश्न : माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातील एका गावचे बलुतेदार सुतार. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याला गेले आणि 1919 च्या सुमारास परतले, एवढेच घरात ठाऊक आहे. वेढ्यात घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली होती, असे ते आजीला सांगत. त्यांचे चांदीचे एक पदक आमच्याकडे आहे. त्याच्या एका बाजूस घोडेस्वार असून कडेवर क्रमांक, ‘एसपीआर’, त्यांचे नाव आणि ‘3 एस अँड एम’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत. भावकीतील काहींचे म्हणणे असे, की ते शिपाई नव्हतेच, मजूर म्हणून गेले होते. त्यांचा व घराण्याचा माग कसा काढावा?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : भावकीतील वादाचा निकाल आपल्या हातातील पदकच देते. घोडेस्वाराचे चित्र असलेले हे ब्रिटिश युद्धपदक लढाऊ शिपायांना चांदीचे, तर मजूर पथकांतील लोकांना काशाचे मिळत असे. पंख असलेल्या आकृतीचे विजयपदक मात्र सर्वांनाच काशाचे मिळे, म्हणून या दोहोंत गल्लत करू नये. ‘एसपीआर’ म्हणजे सॅपर, अर्थात लष्करी बांधकामाचा शिपाई, आणि ‘3 एस अँड एम’ म्हणजे तिसरी सॅपर्स अँड मायनर्स, अर्थात आपल्या खडकीची बॉम्बे सॅपर्स. आपली परंपरा 1820 पासून सांगणाऱ्या या पलटणीत सुतार, लोहार, गवंडी अशा कारागिरांना मोठा मान होता, कारण पूल बांधणे, खंदक खणणे, तटबंदी उभारणे आणि वेळ पडल्यास बंदूक हाती घेणे ही सारी कामे एकाच माणसाला करावी लागत. म्हणूनच ‘सुतार होते की शिपाई’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. सुतारकी येत होती, यामुळेच ते या पलटणीचे शिपाई होऊ शकले, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

आजींनी जपलेली घोड्याच्या मांसाची आठवण फार मोलाची आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा ज्यात येते त्या आजच्या इराकमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे डिसेंबर 1915 पासून तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिने शरणागती पत्करली. अन्न संपत आल्यावर तेथे घोडे कापले जाऊ लागले, आणि बऱ्याच हिंदी शिपायांनी धर्माच्या कारणाने ते मांस दीर्घकाळ नाकारले. बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या या वेढ्यात होत्या. शरण आलेल्यांपैकी अनेक हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले, त्यात हजारो दगावले आणि वाचलेले युद्ध संपल्यावरच घरी आले. आपल्या पणजोबांचे 1919 मधील परतणे या हकिकतीशी जुळते. तथापि हे अजून अनुमानच आहे, ते कागदाने सिद्ध झाले पाहिजे. त्यासाठी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने संकेतस्थळावर खुल्या केलेल्या 1914–1918 च्या युद्धकैद्यांच्या नोंदी पाहाव्यात.

लष्करी कागदांचा शोध लंडनपासून सुरू करू नये. पलटणींच्या युद्धरोजनिशा तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत खऱ्या, पण त्यांत साध्या शिपायांची नावे क्वचितच येतात, आणि हिंदी शिपायांची सेवापत्रे मुळात त्यांच्या पलटणींकडेच असत. म्हणून पहिला अर्ज खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, अभिलेख कार्यालयाकडे करावा आणि त्यात पदकावरचा क्रमांक ठळकपणे लिहावा, कारण शिपाई सापडतो तो नावाने नव्हे, क्रमांकाने. लष्करी कागदांत आडनाव पुष्कळदा नसते. स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा एवढेच असते, आणि तेही इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी आपल्या कामाची नाही, कारण ती सेवेत मृत्यू पावलेल्यांची आहे.

घराण्याचा माग मात्र गावातच लागेल. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते मागावे. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी मिळतात आणि जुनी पाने बहुधा मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणारा माणूस सोबत न्यावा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा, म्हणजे जमिनीवरचे हक्क नोंदवण्याचा, कायदा 1903 मध्ये झाला. त्यानंतरच्या फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, पणजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद पाहावी. सुतारकीच्या चाकरीबद्दल घराकडे इनाम जमीन असेल, तर आणखी एक दार उघडते : गावाला उपयोगी असलेली सेवा इनामे 1953 च्या कायद्याने रद्द झाली, त्यामुळे त्या सुमारासच्या फेरफारांत जमीन कोणाच्या नावे झाली हे दिसू शकते. जमिनीच्या कागदांत मुली सहसा सापडत नाहीत, कारण 1956 च्या वारसा कायद्यापूर्वी भाऊ असता मुलीला वडिलांच्या जमिनीत वाटा नसे. लेकी-सुनांची नावे हवी असतील तर नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. घरातील कोणी यात्रेला वा अस्थी घेऊन गेले असेल, तर तेथे दोन-तीन पिढ्या एका पानावर भेटू शकतात. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात हेळवीही वंशावळी राखतात, तेव्हा आपल्या गावी ते येतात का, हे थोरल्या माणसांना अवश्य विचारावे.

एकाच गावात एकाच नावाचे दोन सुतार असणे मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून खडकीहून कागद मिळाल्यास त्यातील बापाचे नाव कोतवाल बुकातील नावाशी ताडून पाहावे, आणि ते जुळेपर्यंत दोन्हींकडची माणसे वेगळीच धरावीत.