बालगृहातला दिवस आणि दसैंची सुटी

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 23 असून डी.एड. झाले आहे, नोकरी मात्र अजून लागलेली नाही. नेपाळमधील एका बालगृहात तीन महिने स्वयंसेविका म्हणून राहण्याची संधी मैत्रिणीच्या ओळखीने चालून आली आहे. राहण्याखाण्याचे पैसे आपणच भरायचे आहेत. बाबा तयार आहेत, पण आई म्हणते, ‘‘घरचा कापूस वेचाले माणूस भेटत नाही, अन् हे चालली परमुलखात लोकायचे लेकरं सांभाळाले!’’ तिथला रोजचा दिवस कसा असतो आणि मी जावे की नाही, हे कृपया सांगावे.
– एक वाचक, आर्णी तालुका

उत्तर : आपल्या आईचे बोलणे वाचून हसू आले, कारण 2016 साली मी वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या गावाहून निघाले तेव्हा सासूबाई हेच म्हणाल्या होत्या, फक्त कापसाच्या जागी तूर होती. काठमांडूजवळच्या एका बालगृहात मी दहा महिने होते, त्यामुळे जे सांगते ते तिथे पाहिलेले आहे. नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने सोनौलीची सीमा आणि पुढे डोंगरातला लांबचा रस्ता, असा माझा प्रवास झाला. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही.

आमच्याकडे चार ते सोळा वर्षांची 27 मुले होती आणि त्यांच्यासाठी कायमच्या दोन बाया होत्या, ज्यांना सगळी मुले ‘दिदी’ म्हणत. पहाटे पाचला उठायचे. पहिले काम म्हणजे रात्री ओल्या झालेल्या गाद्या ओळखून, कोणाचेही नाव मोठ्याने न घेता, त्या गच्चीवर नेऊन टाकणे. काठमांडूच्या हिवाळ्यात धुके विरून ऊन वर यायला उशीर होतो आणि गादी संध्याकाळपर्यंत वाळेलच याची खात्री नसते, म्हणून जादा चादरींचा हिशेब ठेवणे हे तिथले महत्त्वाचे काम आहे, हे मला आठवडाभरात कळले. सहाला चहा आणि चिउरा, म्हणजे आपले कोरडे पोहे. मग अभ्यास, नऊच्या सुमारास पोटभर दाल-भात-तरकारी आणि दहाला शाळा. दुपारी तांदूळ निवडणे, गणवेशाची बटणे लावणे आणि टँकर आला की सगळे सोडून पाण्यामागे धावणे; ही शेवटची गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. चारला ‘खाजा’, म्हणजे मधल्या वेळचे खाणे, मग गृहपाठ, सातला पुन्हा दाल-भात. कधी आंबट गुंद्रुक असे. वाळवून ठेवलेल्या त्या पाल्याची चव पहिल्यांदा घेतली तेव्हा मला घरच्या अंबाडीच्या भाजीची आठवण झाली.

नेपाळमध्ये तेव्हा आठवड्याची सुटी शनिवारी असे आणि रविवारी शाळा भरे. शनिवार हा डोक्यांचा दिवस. ओट्यावर ओळीने मुली बसत, आणि मी फणी घेऊन एकेकीच्या मागे बसत असे. उवेला तिकडे जुम्रा म्हणतात, लिखेला मात्र लिखाच म्हणतात, आणि या एका शब्दावरून माझी त्या मुलींशी खरी ओळख झाली. लिपी देवनागरीच असल्यामुळे त्यांची पुस्तके वाचता येतात. पण वाचता येणे आणि समजणे यांत फार अंतर आहे, आणि पहिले दोन महिने मी गृहपाठात मदत करत नव्हते, तर केवळ शेजारी बसत होते.

आता आपण न विचारलेली गोष्ट सांगते, कारण निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे. जाण्यापूर्वी मला सांगण्यात आले होते की ही सर्व मुले अनाथ आहेत. ऑक्टोबरमध्ये दसैं, म्हणजे तिकडचा दसरा, आला. आपल्याकडे नवरात्रात घटात धान उगवतात तसा तिकडे अंधारात जव उगवून पिवळा ‘जमरा’ करतात, आणि दशमीला घरातील वडीलधारी माणसे दही-तांदळाचा लाल टीका कपाळाला लावून तो जमरा डोक्यावर ठेवतात. हा टीका घरच्यांच्याच हातून घ्यायचा असतो. सुटी लागली त्या दिवशी फाटकाशी माणसे जमू लागली आणि 27 पैकी 19 मुलांना न्यायला कोणी ना कोणी आले. एका मुलीची आई दोन दिवसांचा प्रवास करून आली होती. तिने ओच्यातून मक्याच्या लाह्यांची पुडी काढून आधी दिदीच्या हातात दिली आणि मग मुलीला जवळ घेतले. तिला मी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, की गावात शाळा दूर आहे आणि इथे जेवण मिळते.

हे एका संस्थेपुरते नाही. जगभरातील बालसंस्थांमधील पाचपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात असतात, असे मुलांसाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2009 सालच्या अहवालात म्हटले आहे. नेपाळात 1996 ते 2006 या यादवीच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी शिक्षणाचे आमिष दाखवून मुले काठमांडूला आणली आणि कागदोपत्री त्यांना अनाथ केले. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर तोच प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून तेथील सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई केली. पाहुणे पैसे देतात, पाहुण्यांना अनाथ मुले हवी असतात, म्हणून मुले अनाथ होतात; आम्हीही पैसे देणारे पाहुणेच होतो, हे लिहिताना आजही बरे वाटत नाही. आमच्या संस्थेत दर पंधरवड्याला नवे स्वयंसेवक येत आणि मुले तेच स्वागतगीत त्याच हसऱ्या चेहऱ्याने म्हणत.

पाच वर्षांची एक मुलगी माझ्याच हाताने जेवू लागली. मला त्याचा अभिमान वाटे. थोरल्या दिदीने एकदा स्वयंपाकघरात भांडी घासता घासता विचारले, ‘‘तू गेल्यावर ती कोणाच्या हातून जेवेल?’’ त्या दिवसापासून मी मुलीला दिदीकडे पाठवू लागले आणि दिदीच्या वाट्याचे कपडे धुवू लागले. निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत मी कोणालाही कडेवर घेतले नाही, आणि इतके अवघड काम मी आयुष्यात दुसरे केलेले नाही.

म्हणून माझे मत असे, की मुलांना माया लावण्यासाठी तीन महिन्यांकरिता जाऊ नये. कायमच्या बायांचा भार हलका करायला जायचे असेल तर जावे, मात्र आधी संस्थेला पत्र लिहून विचारावे : आपली सरकारी नोंदणी आहे का, मुलांना घरी परत पाठवण्याचे काम आपण करता का, आणि माझे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आपल्याला हवे आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘त्याची गरज नाही’ असे उत्तर आले तर तिकीट काढूच नये, कारण जी संस्था आपली चौकशी करत नाही ती इतर कोणाचीही करत नसणार.

दरम्यान जवळ पाहावे, हेही सुचवते. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव देऊन वाढवले. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे मुले अठरा वर्षांची झाली म्हणून बाहेर काढली जात नाहीत. शिवाय आपल्याच तालुक्यात वडील गेलेली कितीतरी मुले आईजवळ राहत असतील. त्यांना बालसंगोपन योजनेतून दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात, पण अर्ज, दाखले आणि बाल कल्याण समितीपुढे जाणे एकट्या बाईला जमत नाही. आपण डी.एड. आहात, अर्ज भरता येतो. या कामाला व्हिसा तर नाहीच, एस.टी.चे तिकीट पुरते.

प्रश्न : माझी भाची पुढच्या महिन्यात वर्षभरासाठी अशाच कामाला नेपाळला जात आहे. मुलांसाठी सोबत काय द्यावे? चॉकलेट आणि खेळणी घेऊन ठेवली आहेत.
– एक वाचक, देवळी

उत्तर : चॉकलेट घरीच वाटून टाकावीत. खेळणी द्यायचीच तर चेंडू द्यावेत, कारण ते एकाचे राहत नाहीत. भाचीच्या बॅगेत बारीक दातांच्या चार फण्या, नखे कापायची दोन नेलकटर, पांढरी-निळी बटणे, सुईदोरा आणि गादीवर अंथरायचे मेणकापड ठेवावे. मेणकापड जरा जास्तच घ्यावे.