स्वतःला समजूतदार समजणाऱ्या बॉसला टीमचं खरं मत कसं कळवावं?

तुम्ही लिहिलंय की तुमची मॅनेजर ‘माझ्याकडे कोणीही, कधीही येऊन बोलू शकतं’ असं सगळ्यांना सांगते, पण टीममधलं कोणीच तिला खरं सांगत नाही. तर हे तिच्या लक्षात कसं आणून द्यावं? मी तशी मॅनेजर होते. म्हणून उत्तर देतेय.

आधी हे मनात पक्कं करा की ती नाटक करत नाहीये. तिला तसंच वाटतं, आणि तसं वाटायला तिच्याकडे पुरावेही असतात. माझ्याकडे भरपूर होते.

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (आपल्या एमआयडीसीसारखी औद्योगिक वसाहत) एका छोट्या ट्रान्सफॉर्मर कंपनीत मी टेस्टिंगची इन्चार्ज होते. कलाभवन या तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकल केलेलं. शेडमध्ये मी एकटीच बाई. हाताखाली 4 माणसं, त्यातले एक टेस्टर माझ्या वडिलांच्या वयाचे, गुजराती. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बेन. केबिनचं दार मी कधी लावलं नाही. पाडव्याला घरून सगळ्यांसाठी श्रीखंड न्यायची. कोणाच्या मुलीची फी भरायची राहिलीय, कोणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, सगळं मला ठाऊक असायचं. असं असताना मी कोणाचं ऐकत नाही, हे मला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मार्च 2016. एका वीज कंपनीचा 63 केव्हीएच्या 24 नगांचा लॉट होता आणि 31 तारखेच्या आत माल गेटबाहेर पडायला हवा होता. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारांच्या गुंडाळीत, जो कागद असतो तो हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून टाकीत बसवण्याआधी सगळं ओव्हनमध्ये सुकवतात. घाईत आमचा ओव्हन लवकर उघडला गेला होता. तेल भरल्यावर मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन मोजतात; ओलावा राहिला असेल तर रीडिंग कमी येतं. रीडिंग तापमानावर अवलंबून असतं, ढोबळमानाने दर 10 अंश वाढीला निम्मं होतं, म्हणून गरम नगाचं रीडिंग हिशेब करून 30 अंशांवर आणायचं. आमची स्वतःची मर्यादा 30 अंशांना किमान 1000 मेगओहम.

पहिल्या नगाचं रीडिंग आलं 350. थर्मामीटर 40 दाखवत होता. म्हणजे 30 ला 700. नापास. काका केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. ‘बेन, थोडुं ओछुं आवे छे.’ म्हणजे रीडिंग थोडं कमी येतंय. मी स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाले, ‘काका, ओव्हनची ऊब आत असणारच. वाइंडिंग तेलापेक्षा गरम असतं. 50 धरा.’

50 धरलं की 350 चे 1400 होतात. पास.

यात मी एकही वाक्य खोटं बोलले नाही. ओव्हनमधून काढल्यावर वाइंडिंग तेलापेक्षा गरम असू शकतं. पण ते नग आदल्या संध्याकाळपासून तेलात होते, आणि तेवढ्या वेळात दोन्ही एकाच तापमानाला येतात, हेही मला माहीत होतं. ते त्या क्षणी मला आठवलंच नाही. सकाळी 9 वाजता मी मालकांना ‘लॉट तयार आहे’ असा शब्द दिला होता, आणि डोक्याने त्या शब्दाला सोयीचं तेवढंच पुढे केलं. आधीच्या 2 लॉटनाही मी अशीच सवलत दिली होती आणि काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे हात जास्तच सैल झाला होता.

1986 च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उडाल्यावर 73 सेकंदांत फुटलं, 7 माणसं गेली. बूस्टरची, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटची, सील थंडीत नीट काम करणार नाहीत, उडवू नका, असं ती बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं. पण आधीच्या उड्डाणांतही सील थोडी जळली होती आणि यानं सुखरूप परत आली होती. दर परतीला वरच्यांची खात्री वाढत गेली. ही हकीकत मी कॉलेजपासून ऐकत आले होते आणि दर वेळी त्या मॅनेजर लोकांचा रागच यायचा.

पावसाळा लागला आणि ऑगस्टपर्यंत 24 पैकी 5 नग जळून परत आले. मी आधी म्हणाले, शेतीचा लोड, कनेक्शनं जास्त टाकली असणार. नग उघडल्यावर ती सबब चालेना. मग मालकांसमोर मीटिंग झाली आणि त्यात मी सांगितलं, ‘काकांनी मला रीडिंग कमी आल्याचं सांगितलंच नाही.’ काका समोरच होते. त्यांनी खाली बघितलं आणि काही बोलले नाहीत. मला त्यांचं गप्प बसणं ही कबुलीच वाटली. दारातलं ते वाक्य माझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. मला खरोखर वाटत होतं की मला फसवलं गेलंय.

काकांना स्टोअरमध्ये पाठवलं. दिवाळीपर्यंत ते सोडून गेले. उरलेले तिघं त्यानंतर काहीही विचारलं की म्हणायचे, ‘थई जशे, बेन.’ होऊन जाईल, एवढंच. मी लॅबमध्ये शिरले की बोलणं थांबायचं. घरी मी सांगायची की आता टीमला शिस्त लागलीय.

2019 मध्ये एका वॉरंटीच्या भांडणासाठी ते रजिस्टर कपाटातून काढलं. तापमानाच्या रकान्यात 24 ओळी, काकांचं निळं पेन, प्रत्येक ओळीत 50. आणि प्रत्येक ओळीच्या बाहेर, समासात, पेन्सिलीने बारीक गुजराती आकडे. 40. 41. 39. 40. थर्मामीटरवर जे दिसलं ते. मी सांगितलेलं पेनाने लिहिलं होतं आणि डोळ्यांनी पाहिलेलं पेन्सिलीने. त्या पानाखाली सही माझी आहे. पान उलटण्याआधी मी ते वाचलंही असणार.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तिला ‘तुम्ही ऐकत नाही’ असं सांगायला जाऊ नका. गेल्या महिन्यात कोणाकोणाचं ऐकलं याची ती यादी देईल, आणि यादी खरी असेल. तिच्या स्वभावावर बोलूच नका. एखादी ठरावीक गोष्ट, तिची तारीख, तिचा आकडा घेऊन जा, तिने हातातलं काम ठेवेपर्यंत उभे राहा, आणि ‘हे असंच पुढे पाठवायचं का?’ एवढं विचारा. मग त्याच दिवशी मेल टाका. माझ्यासारखीला आपल्या चांगुलपणातून पळवाट काढता येते, 39 या आकड्यातून काढणं अवघड जातं.

फीडबॅक फॉर्म वगैरे निव्वळ वेळेचा अपव्यय. आम्हालाही अलकापुरीतल्या एका हॉटेलात नेऊन भरायला लावले होते. ‘मी टीमचं ऐकून घेते’ यापुढे मी 5 पैकी 5 लिहिले. टीमनेही मला जवळपास तेवढेच दिले. 4 माणसांत नाव न लिहिण्याला काय अर्थ आहे? अक्षरच ओळखू येतं.

एक मात्र सांगायला हवं: नोकरी कच्ची असेल, घरी एकाच्याच पगारावर चालत असेल, तर हे करू नका. काकांनी तोंडी सांगितलं, लेखीही ठेवलं, आणि त्यांना स्टोअर मिळालं. आमची कंपनी लहान होती. मोठ्या कंपनीत तिच्या वरच्याकडे जाता येत असेल, तर तो रस्ता आधी बघा.

मी काकांच्या घरी गेले होते, प्रतापनगरला. मीटिंगमध्ये गप्प का बसलात, विचारलं. म्हणाले, ‘बेन, तुम्हाला तेच खरं वाटत होतं. खोटं बोलत असता तर मी भांडलो असतो.’ मला उत्तर देता आलं नाही. मी चहा न पिताच निघाले, याचंही आता वाईट वाटतं.

मालकांनाही ते पान दाखवलं. ते म्हणाले, पेन्सिलीचं काय, नंतरही लिहिता येतं, तू उगाच मनाला लावून घेतेस, टेस्टर ढिलाच होता. हे ते आजही लोकांना सांगतात, आणि त्या माणसाला या वयात कोणी कामावर घेत नाही. म्हणून इथे लिहिते: टेस्टर ढिला नव्हता. त्याने 24 नगांचं तापमान 24 वेळा बरोबर वाचलं. 50 मी लिहायला लावलं, आणि त्यांनी सांगितलं नाही हे मीटिंगमध्ये मी म्हणाले, ते खोटं होतं. मकरपुऱ्यात कोणी त्यांना काम द्यायच्या विचारात असेल, तर मालकांना विचारू नका, मला विचारा.