‘स्कॉलर बॅच’मध्ये नाव नाही, म्हणून क्लास लावू का?

विक्रोळीच्या कन्नमवारनगरमधून एका आईचं पत्र आलंय. मुलगी सातवीला, अनुदानित मराठी शाळेत, सेमी इंग्रजीत. सहावीला ६२ टक्के मिळाले, म्हणून यंदा शाळेने काढलेल्या ‘स्कॉलर बॅच’मध्ये तिला घेतलं नाही. त्या बॅचला दर शनिवारी कोडी, प्रयोग, प्रकल्प; बाकीच्यांना उजळणी. मुलगी मैत्रिणीच्या वहीतली कोडी उतरवून आणते आणि घरी सोडवत बसते. ‘तोंडी विचारलं तर पटकन सांगते, पेपरात मात्र गांगरते,’ असं आईने लिहिलंय. त्यांचा प्रश्न असा: उसने पैसे घेऊन क्लास लावू, की हिची झेप एवढीच समजून कॉमर्सचं मनात धरू?

ताई,

क्लास लावू नका. आणि मुलीच्या झेपेचा निकाल सातवीत तर मुळीच लावू नका. शाखा दहावीनंतर निवडायची असते, आणि कॉमर्स म्हणजे गणितातून सुटका असंही नाही.

दुसऱ्याच्या वहीतून कोडी उतरवून आणणाऱ्या मुलीला डोक्याला ताण देणारं काम हवंय. शाळेने नेमकं तेच मार्कांचं बक्षीस करून ठेवलंय, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. अवघड काम म्हणजे वरच्या इयत्तेचा धडा आधी उरकणं नव्हे. एक गणित सांगते. लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून कोणकोणत्या संख्या मिळतात? ९ म्हणजे ४ + ५, किंवा २ + ३ + ४. १५ तर तीन तऱ्हांनी मिळतात: ७ + ८, ४ + ५ + ६, आणि १ ते ५ची बेरीज. एवढं करायला नुसती बेरीज यावी लागते, त्यामुळे ज्याचं गणित कच्चं तोही पाच मिनिटांत कामाला लागतो. मग कुणीतरी ओरडतं, ‘बाई, ८ होतच नाहीत!’ १६ होत नाहीत, ३२ही नाहीत. का? इथे वर्गातल्या पहिल्या नंबरचाही कस लागतो, आणि बीजगणित कशासाठी असतं ते तिथे कळायला लागतं. सगळा वर्ग एकाच गणितात, ज्याची त्याची मजल वेगळी. शनिवारच्या उजळणीला हेच दिलं तर बेरजेची उजळणीही होऊन जाते, तीही कुणी जांभया न देता.

आता गांगरण्याबद्दल. तुमच्याकडून फार लांब नसलेल्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८०च्या दशकात महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काही वर्षं काम केलं होतं. अडसर बुद्धीचा नसून बऱ्याच अंशी पुस्तकी भाषेचा आहे, हे त्या कामातून पुढे आलं. भाषा सोपी केली, विचारायला आणि बोलायला वाव दिला, तशी मुलं पुढे गेली. तुमच्या मुलीचं गणित तर इंग्रजीतून आहे. तेव्हा घरी एवढंच करा: शाब्दिक उदाहरण वाचलं की पेन उचलण्याआधी ‘काय विचारलंय’ ते तिने तुम्हाला मराठीत सांगायचं. तुम्हाला उत्तर येण्याची गरज नाही. ‘मला नाही कळलं, परत सांग’ म्हणालात तर उत्तमच.

शाळेत जाल तेव्हा ‘माझ्या मुलीला बॅचमध्ये घ्या’ म्हणू नका. तिला जागा मिळेल, तिच्या बाकावरची दुसरी तिथेच राहील. ‘बॅचला जो कागद देता तो सगळ्या वर्गाला द्या,’ एवढं मागा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यांच्यामार्फत मागितलंत तर आणखी बरं. बाईंची बाजूही खोटी नाही. साठ मुलं, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. त्यात वीस जणांना घेऊन बसणं सोपं पडतं. म्हणून भांडायला नको, हाताशी काहीतरी घेऊन जा. वर सांगितलेल्या होमी भाभा केंद्राच्याच ‘विज्ञान प्रतिभा’ उपक्रमातले आठवी ते दहावीसाठीचे पाठ संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुढच्या वर्षी तेच उपयोगी पडतील.

क्लासवाल्याने तुम्हाला बाल वैज्ञानिक स्पर्धेचं गाजर दाखवलंय, असंही तुम्ही लिहिलंय. स्पर्धा चांगली आहे. सहावीला आणि नववीला असते, लेखीनंतर प्रात्यक्षिक, पुढे प्रकल्प आणि मुलाखत. पण पर्यायी प्रश्न घोकून घेणारा क्लास तिची तयारी करतो असं मला वाटत नाही. नववीला तिला स्वतःहून बसावंसं वाटलं तर बसू दे.

पैशाचाच विचार असेल तर आठवीची एनएमएमएस परीक्षा बघा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सरकारी, अनुदानित किंवा पालिकेची शाळा हवी, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, तुमचं बसतं. सातवीला खुल्या गटात ५५ टक्के लागतात. स्कॉलर बॅच ही अट कुठेही नाही, पण फॉर्म शाळेमार्फत जातो आणि काही शाळा निवडक मुलांचेच भरतात. म्हणून आठवीच्या पहिल्याच पालकसभेत नाव सांगून ठेवा, आणि तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला त्याआधी काढून घ्या.