क्रॉसचा एक हात वाकडा असलेलं चांदीचं जुनं इंग्रजी नाणं खराब असतं का?

तुम्ही लंडनमध्ये घेतलेल्या पेनीवर ‘एडवर आर अँगल’ (एडवर्ड, इंग्लंडचा राजा) आणि मागे ‘सिव्हितास दुनेल्म’ (दुनेल्म शहर) वाचता येतंय, पण मागच्या क्रॉसचा एकच हात टोकाशी वळलाय, म्हणून दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला की काय, असं विचारलंय. उलट, तो वाकडा हात असणं ही चांगली खूण आहे!

दुनेल्म म्हणजे उत्तर इंग्लंडमधलं डरॅम. तिथली टांकसाळ बिशपची. नाण्यावर चेहरा नि नाव राजाचंच, पण नाणी पाडण्यातला नफा बिशपला. मग आपलं नाणं ओळखायचं कसं? बारीकशी खूण घालून. १३११ ते १३१६ या काळात बिशप असलेल्या रिचर्ड केलॉनं क्रॉसचा एक हात आपल्या धर्मदंडासारखा, म्हणजे मेंढपाळाच्या आकडीसारखा वळवून घेतला. त्याच्या आधीच्या अँटनी बेकची खूण राजाच्या डोक्यावर, मजकूर सुरू होतो तिथे असते: टोकं दुभंगून बाहेर वळलेला इवलासा क्रॉस. नंतरच्या ब्यूमाँटनं सिंह घातला. तुमचं नाणं वर्णनावरून केलॉचंच वाटतं.

घाव चुकल्यानं असं झालं नसेल ना, ही शंका रास्त आहे. खालचा ठसा लाकडी ठोकळ्यात पक्का, त्यावर चांदीची चकती, वरचा ठसा हातात आणि वरून हातोडा. त्यामुळे मजकूर कडेला कापला जाणं नेहमीचंच; आपल्या शिवराईवर तरी सगळी अक्षरं कुठे सापडतात? पण ठसा घसरला असता तर शेजारची अक्षरंही दुहेरी उमटली असती. भिंग घ्या. आकडीची कड स्वच्छ, उठावदार असेल आणि बाकीचे तीन हात सरळ, तर ती मुळात ठशातच कोरलेली आहे.

अशा खुणा कधी अंगाशीही येत. यॉर्कचा आर्चबिशप कार्डिनल वूल्झीनं आपली कार्डिनलपदाची टोपी पेनीवरच नव्हे, चार पेनीच्या ग्रोटवरही छापली. १५२९ मध्ये त्याच्यावर जे आरोप ठेवले, त्यात ही टोपीही होती.

खरं-खोटं मात्र फोटोशिवाय सांगणार नाही. दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन टाका. दीड ग्रॅमच्या आतच भरायला हवं. आणि कृपा करून ते देवाच्या भांड्यांसारखं रांगोळीनं घासू नका.